भरपाईचा दावा आणि सीडर क्रीकचे गवत

एका जागचे जंगल तोडले किंवा माळरान खणून काढले, तरी दुसऱ्या जागी तितकीच किंवा त्याहून अधिक झाडे लावली की निसर्गाचे देणे फिटते, ही समजूत गेल्या दशकात भारताच्या धोरणात पक्की रुजली आहे. २०१६ चा भरपाई वनीकरण निधी कायदा, महाराष्ट्राने २०१६ ते २०१९ या काळासाठी ठरवलेले ५० कोटी वृक्षांचे उद्दिष्ट आणि केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेली ग्रीन क्रेडिट योजना या सगळ्यांचा पाया हीच समजूत आहे. ग्रीन क्रेडिटच्या फेब्रुवारी २०२४ मधील कार्यपद्धतीने तर विरळ वन, झुडपी जमीन आणि पडीक जमीन यांना एकाच यादीत घातले आणि हेक्टरी किमान ११०० झाडे असल्यास एका झाडामागे एक क्रेडिट देऊ केले. या धोरणाच्या समर्थनार्थ आता शास्त्राचाही हवाला दिला जातो: भराभर वाढणारी एखादी जात कार्बन पुरेसा शोषून घेते, प्रजातींच्या विविधतेचे महत्त्व वाढवून सांगितले गेले आहे आणि ते सिद्ध करणारे प्रयोग मुळातच सदोष होते. यातील शेवटचे विधान अर्धसत्य आहे, आणि म्हणूनच ते सविस्तर तपासणे आवश्यक आहे.

जैवविविधता आणि परिसंस्थेचे कार्य यांच्या नात्याचा विचार जुना आहे. परिसंस्थेचे कार्य म्हणजे वनस्पतींनी जैवभार तयार करणे, मातीतील नत्र फिरते ठेवणे, पाणी व कार्बन धरून ठेवणे यांसारख्या प्रक्रिया. अनेक प्रकारची गवते एकत्र पेरली असता एकाच जातीच्या पेरणीपेक्षा अधिक चारा मिळतो, हे डार्विनने १८५९ मध्येच नोंदवले होते. चार्ल्स एल्टनने १९५८ मध्ये विविधतेला स्थैर्याचे कारण मानले, तर रॉबर्ट मे यांच्या गणिताने १९७२ मध्ये त्या श्रद्धेला मोठा धक्का दिला. वाद तर्काच्या पातळीवर अडकलेला असताना तो प्रत्यक्ष जमिनीवर आणण्याचे श्रेय अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सीडर क्रीक येथे काम करणाऱ्या डेव्हिड टिलमन यांचे आहे. त्यांनी १९८२ मध्ये गवताळ जमिनीचे २०७ तुकडे आखून त्यांना नत्राच्या वेगवेगळ्या मात्रा देण्यास सुरुवात केली. १९८८ मध्ये तेथे भीषण अवर्षण पडले, आणि बहुविध प्रजातींच्या तुकड्यांतील जैवभार सुमारे अर्ध्यावर आला, तर मोजक्याच प्रजाती उरलेल्या तुकड्यांत तो आठव्या हिश्श्यापर्यंत घसरला. टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी १९९४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा विविधता हेच दुष्काळाविरुद्धचे कवच असल्याचा पुरावा मिळाला असे अनेकांना वाटले.

या पुराव्यावर सर्वांत नेमके बोट ठेवले ते मायकेल ह्यूस्टन यांनी, १९९७ मध्ये, आणि त्यांचा आक्षेप या क्षेत्रातील कोणत्याही समर्थनपर लेखनापेक्षा अधिक वाचनीय आहे. कमी प्रजातींचे तुकडे कमी प्रजातींचे का झाले, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. त्यांना नत्र अधिक दिले गेले होते. त्या सुपीकतेत मोजक्या जोमदार जाती फोफावल्या आणि इतर मागे पडल्या. अधिक नत्रावर पोसलेल्या वनस्पतींचा जमिनीवरील पाला मोठा आणि मुळांचा वाटा तुलनेने लहान असतो, म्हणून अवर्षणात त्या आधी कोलमडतात. याचा अर्थ, दुष्काळात जे घडले त्याचे कारण प्रजातींची संख्या नसून खत असू शकते, आणि संख्या ही केवळ त्या खताची दुसरी निष्पत्ती. प्रयोगकर्त्याने एक गोष्ट बदलली, पण तिच्या आड दुसरीही बदलली, आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला गेले.

ह्यूस्टन यांचा दुसरा आक्षेप आणखी खोल जातो, कारण तो खत न घालता मुद्दाम पेरलेल्या प्रयोगांनाही लागू पडतो. प्रजाती चिठ्ठ्या टाकून निवडल्या, तर एका प्रजातीच्या वाफ्यापेक्षा सोळा प्रजातींच्या वाफ्यात सर्वांत जोमदार प्रजाती असण्याची शक्यता उघडच अधिक असते. सोडतीची सोळा तिकिटे घेणाऱ्याला बक्षीस लागण्याची शक्यता जशी अधिक, तशीच. मग त्या वाफ्याचे वाढीव उत्पादन विविधतेचे नसून त्या एका प्रजातीचे ठरते. यालाच निवड-परिणाम म्हणतात. शेफिल्डचे फिलिप ग्राइम यांनी १९९८ मध्ये हीच दिशा पुढे नेली: परिसंस्थेचे तात्कालिक कार्य तिच्यातील एकूण प्रजातींवर नव्हे, तर जैवभाराचा मोठा वाटा ज्यांचा आहे त्या प्रबळ प्रजातींच्या गुणधर्मांवर ठरते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इकॉलॉजिकल सोसायटीने विविधतेची बाजू मांडणारी पुस्तिका काढली, तेव्हा डेव्हिड वॉर्डल, ह्यूस्टन, ग्राइम आणि इतरांनी पुढच्याच वर्षी तिच्याविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. वादात असलेली भूमिका सर्वमान्य शास्त्र म्हणून जनतेसमोर ठेवू नये, हे त्यांचे म्हणणे होते, आणि ते योग्यच होते. हेतू कितीही चांगला असला तरी, निसर्गाच्या बाजूने लिहिताना पुराव्याच्या पुढे जाण्याची मुभा कोणालाही नाही.

परंतु भरपाईचे समर्थक येथेच थांबतात, आणि शास्त्र थांबले नाही. टिलमन यांनी १९९४ मध्ये सीडर क्रीक येथे ९ मीटर बाय ९ मीटरचे १६८ वाफे एकसारख्या जमिनीवर तयार केले आणि त्यांत १, २, ४, ८ किंवा १६ प्रजाती पेरल्या. बाहेरून शिरणारे तण वर्षानुवर्षे हाताने उपटले गेले. २००१ मध्ये मिशेल लोरो आणि अँडी हेक्टर यांनी निवड-परिणाम आणि पूरकता यांची वाटणी करणारी गणिती रीत दिली. पूरकता म्हणजे प्रजातींनी परस्परांच्या उणिवा भरून काढणे: एकीची मुळे उथळ तर दुसरीची खोल, एक उन्हाळ्यात जोमाने वाढणारे गवत तर दुसरी हवेतील नत्र मातीत स्थिर करणारी शेंगवर्गीय वनस्पती. त्याच वर्षी सीडर क्रीकच्या १६ प्रजातींच्या वाफ्यांतील जैवभार एकल वाफ्यांच्या २.७ पट भरल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्यामागे पूरकतेचा वाटा काळानुसार वाढत गेल्याचे दिसले. सोडतीच्या नियमाने फार तर सर्वोत्तम एकल प्रजातीइतके उत्पादन मिळू शकते. मिश्रण त्याच्याही पुढे जाते, तेव्हा निवड-परिणामाचे स्पष्टीकरण अपुरे पडते. २००५ मध्ये दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी मिळून जो आढावा लिहिला, त्याच्या लेखकांत वॉर्डलही होते.

उरतो तो अतिरिक्त प्रजातींचा प्रश्न. उत्पादनाची वाढ काही प्रजातींनंतर मंदावते, तर बाकीच्या गेल्या तरी बिघडत नाही, असे यावर म्हणता येते. फॉरेस्ट इस्बेल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १७ प्रयोगांतील १४७ गवताळ प्रजाती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ८४ टक्के प्रजाती कधी ना कधी, कोठे ना कोठे, कोणत्या तरी कार्यासाठी महत्त्वाच्या ठरल्या. एका वर्षी अनावश्यक भासणारी जात दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या जागी आधार देते. एकाच हंगामात, एकाच कार्याच्या मापाने केलेली मोजणी म्हणूनच फसवी असते, आणि शोषलेल्या कार्बनवरून जमिनीची किंमत ठरवणारे धोरण नेमकी हीच मोजणी करते.

शिवाय ग्राइम यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य केले, तरी भरपाईची बाजू बळकट होत नाही, उलट अधिकच कोसळते. प्रबळ प्रजातींच्या गुणधर्मांवर सारे अवलंबून असेल, तर पवन्या, मारवेल आणि कुसळी यांच्या माळावर गिरिपुष्प किंवा निलगिरी लावणे म्हणजे त्या परिसंस्थेचे प्रबळ घटकच बदलणे होय. गवताळ प्रदेशाचा कार्बन मुख्यतः जमिनीखाली, मुळांत व मातीत असतो. खड्डे खणून आणि सावली धरून तो वाढत नाही. माळढोक, चिंकारा, लांडगा आणि मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर यांना मोकळे आकाश व गवत हवे असते. माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, हे गृहीतकही टिकत नाही: आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्रातील ही विरळ झाडांची गवताळ भूमी किमान ७५० वर्षांपासून तशीच असल्याचे दाखवले आहे.

सर्वांत निर्णायक पुरावा पुन्हा सीडर क्रीकचाच आहे. तेथे शेती सोडून दिलेल्या जमिनींची तुलना कधीही न नांगरलेल्या शेजारच्या जमिनीशी केली गेली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेती थांबल्यानंतर ९१ वर्षांनीही त्या जमिनीत मूळच्या विविधतेपैकी ७३ टक्के आणि उत्पादकतेपैकी केवळ ५३ टक्केच परत आली होती. कोणीही तेथे परकी झाडे लावली नव्हती, जमीन निसर्गावर सोडलेली होती, तरीही ही स्थिती. नष्ट झालेल्या माळाची भरपाई होते, हा दावा म्हणून अमान्य केला पाहिजे. महाराष्ट्राच्या वन आणि महसूल विभागांनी शिल्लक गवताळ माळांची स्वतंत्र परिसंस्था म्हणून नोंद करावी, वृक्षलागवडीसाठी उपलब्ध जमिनींच्या यादीतून ते वगळावेत, आणि हे पुढच्या पावसाळ्यातील खड्डे खणले जाण्याआधी व्हावे.