अपवित्रांचे कबरस्तान

मयताला माती देणे हा उपकार की हक्क? प्रश्न सोपा वाटतो, कारण आपल्यात मयत झाली की निरोप जातो आणि पुढचे सारे मंडळी पाहतात. मेलेला माणूस कसा वागला हे दारात उभे राहून कोणी विचारीत नाही. पण दक्षिण अमेरिकेतील आपल्या यहुदी बांधवांनी एके काळी या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले, आणि त्यातूनच देहविक्रय करणाऱ्या बायकांची एक संस्था उभी राहिली. विषय शाब्बाथच्या जेवणावर काढण्याजोगा नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी लिहितो.

१९०० च्या मागेपुढे पोलंड, रशिया, गॅलिशिया या भागांतून गरीब यहुदी मुली ब्युनॉस आयरिस आणि रिओ दि जानेरो येथे नेल्या जात. कोणाला लग्नाचे आमिष दाखविलेले, कोणी पोटाची आग विझविण्यासाठी समजून-उमजून निघालेली. तेथे नुकतीच पाय रोवणारी यहुदी जमात घाबरली. परधर्मीय बोट दाखवून म्हणत, 'हे पाहा यहुद्यांचे धंदे!' तेव्हा ठरले की या लोकांची देणगी मशिदीत घ्यायची नाही, त्यांना सभासद करायचे नाही आणि कबरस्तानात जागाही द्यायची नाही. त्यांना नाव पडले 'तमेयीम'. हिब्रू जाणणाऱ्या आमच्या वाचकांना अर्थ सांगायला नको. विकणारा दलाल आणि विकली गेलेली बाई, दोघांना एकच शब्द! आमच्या मते सारा घोटाळा येथेच झाला.

दलालांनी आपली जूट केली. १९०६ साली ब्युनॉस आयरिसजवळ 'व्हार्सोव्हिया' नावाचे परस्पर साहाय्यक मंडळ निघाले. त्यांचे प्रार्थनास्थान निराळे, कबरस्तान निराळे. पोलंडच्या वकिलातीने नावास हरकत घेतली म्हणून पुढे ते 'त्स्वी मिग्दल' झाले. नाव धर्मादाय, काम बायकांच्या खरेदीविक्रीचे. राकेल लिबरमन या विधवेने पैसा साठवून स्वतःची सुटका करून घेतली होती. तिने १९२९ च्या अखेरीस पोलिसांत फिर्याद दिली आणि पुढल्या वर्षी शंभरावर माणसे पकडली गेली. त्यांतले बहुतेक लवकरच सुटले, पण मंडळ मोडले ते मोडलेच. अशांची देणगी जमातीने नाकारली, याबद्दल आमची काहीच तक्रार नाही.

रिओमध्ये मात्र त्याच १९०६ साली बायकांनीच मंडळ काढले. सभासद त्या, वर्गणी त्यांची, कारभारही त्यांचा. आजारी पडलेलीस मदत मिळे, सण पाळले जात, प्रार्थना होत. पुढे इन्याउमा या उपनगरात त्यांनी स्वतःचे कबरस्तान केले. जी मेली तिला बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे आंघोळ घालावी, कफन घालावे, दफन करावे. जिवंतपणी धर्माने दार लावले, तरी मरताना धर्म सोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. या सगळ्या निष्पाप होत्या असे म्हणून आम्ही वाचकांस फसविणार नाही. त्यांत घरवाल्या होत्या, दुसरीच्या कमाईवर जगणाऱ्याही होत्या. पण कबरीची जागा चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून वाटायची ठरविली, तर किती कबरस्ताने भरतील?

कोणी म्हणेल, तोरातच लिहिले आहे. अनुवादच्या २३ व्या अध्यायात वेश्येची कमाई देवाच्या मंदिरात आणू नये असे आहे. खरे आहे. पण ते वचन पैशाविषयी आहे, बाईच्या मढ्याविषयी नाही. आणि यरीहोच्या राहाबेचे काय? तिने हेरांना लपविले, खिडकीला किरमिजी दोरी बांधली, आणि आपल्या हखामांनी तर तिचे यहोशवाशी लग्न लावून तिच्या वंशात संदेष्टे जन्मले असे सांगितले. गोष्टीतल्या वेश्येला आपण इतका मान देतो. शेजारच्या गल्लीतली आली की कमाईचा हिशेब मागतो. लाइब मालाख याचे 'इबेरगुस' हे १९२६ चे यिद्दिश नाटक रिओतल्या अशाच एका स्त्रीचे आहे. तिला धंदा सोडून अब्रूने जगायचे असते. ब्युनॉस आयरिसच्या एका नाटकगृहाने हे नाटक नाकारले, कारण तेथे तिकिटे घेणारे दलाल रागावतील ही भीती! दलालाचा पैसा तिकिटाच्या खिडकीवर चालत होता म्हणायचा.

दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हां बेने इस्राएलांना वेगळे सांगायला नको. १९६२ साली येथे आमच्या लग्नांच्या वेळी वंशावळ्या तपासण्याचा हुकूम निघाला. १९६४ पर्यंत आम्ही त्यासाठी झगडलो. पण त्याच आम्ही कोकणात गोरे-काळे पाळले. काळ्यांशी सोयरीक नाही, मशिदीत मान नाही. अपवित्र कोण, हे ठरविण्याची हौस आम्हालाही होतीच.

हिंदुस्थानात अशा बायकांच्या संघटना अलीकडच्या. सांगलीला 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' आहे. कलकत्त्याच्या सोनागाछीत १९९५ साली बायकांनी सहकारी पतपेढी काढली, तेव्हा कायद्यातली सभासदाच्या नीतिमत्तेची अट आडवी आली. गृहिणी म्हणून नोंद करा, असे सुचविण्यात आले. त्यांनी नकार दिला, आणि शेवटी सरकारलाच वाट काढावी लागली. आमच्या मते त्या नकारात मंडळाचा खरा प्राण आहे. खोट्या नावाने आत घेतलेली बाई आत आलेलीच नसते.

ब्राझीलमधल्याच साओ पाउलो शहरातही या बायकांचे असेच कबरस्तान होते. १९७१ साली ते मोडले आणि अस्थी जमातीच्या मोठ्या कबरस्तानात हलविल्या. पण दगडांवर नावे घातली नाहीत. ती पुष्कळ वर्षांनी घातली गेली.