वेळ आहे तोवर

हातातलं काम संपलं असेल तर दहा मिनिटं बसा. पाठ भिंतीला टेकवा, पाय मोकळे सोडा. श्वास आपल्या गतीनं येऊ द्या. सहसा मन जिथं जात नाही, तिथं आज त्याला नेऊया: ओटीपोटात, गर्भपिशवीच्या तोंडाशी. वाचणारा पुरुष असेल, तर त्यानं आपली आई, बहीण, बायको मनात आणावी.

या जागेनं काय काय सोसलं, ते आठवा. दर महिन्याची पाळी, बाळंतपणं, तांबी बसवणं. अंगावरून जातंय हे जावेच्या कानात सांगितलं, पण डॉक्टरांपुढे जीभ रेटली नाही. ‘एवढ्यातेवढ्याला कशाला दवाखाना’ असं कोण कोण म्हणालं, तेही आठवा. कुणावर रागवू नका. नुसतं आठवा.

थोडं थांबा.

आता एचपीव्ही या विषाणूचा विचार करू. तो शरीरसंबंधातून पसरतो. कंडोमनं धोका कमी होतो, पण पुरता टळत नाही, कारण कातडीला कातडी लागली तरी तो जातो. संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. जन्मभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही होतो. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काही जणींमध्ये मात्र मुक्काम ठोकतो, पेशी हळूहळू बदलवतो, आणि त्यातून गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग होतो. याला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात.

या आकड्यापाशी जरा रेंगाळा. पंधरा वर्षांत पाळण्यातलं मूल दहावीच्या परीक्षेला बसतं. एवढा वेळ हा आजार आपल्याला देतो. तरीही भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो गाठतो. मिळालेला वेळ कुठं जातो, हा प्रश्न मनात ठेवा. उत्तराची घाई करू नका.

मन आता सोलापूरपलीकडे न्या, तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या 497 गावांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांना वेगवेगळ्या गटांत वाटून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होती. निष्कर्ष 2009 मध्ये आले. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी मिळाली, त्यातल्या सुमारे 34 हजार बायकांपैकी 34 जणी या कर्करोगानं गेल्या. नेहमीच्या व्यवस्थेवर राहिलेल्या सुमारे साडेएकतीस हजारांमधून 64 गेल्या. ऊन, पाणी, शेतं तीच. फरक एका तपासणीचा. जगभरच्या डॉक्टरांना ही गोष्ट आपल्या मराठी खेड्यांतल्या बायकांनी शिकवली. त्यांना मनातून नमस्कार करा.

श्वास घ्या. आता मनातल्या मनात तपासणी करून पाहू.

तुमच्या हातात एक पाकीट आहे. आत मऊ टोकाची काडी आणि झाकणाची नळी. न्हाणीघराची कडी लावा. हात धुवा. उकिडव्या बसा किंवा एक पाय पाटावर ठेवा. काडीचं टोक योनीमार्गात बोटाच्या दोन पेरांएवढं जाऊ द्या, सावकाश गोल फिरवा, वीस अंक मोजा, बाहेर काढा, नळीत घाला. झालं. टेबलावर झोपणं नाही, आतलं तोंड उघडायचं लोखंडी उपकरण नाही, परक्याचा हात नाही. गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशी झडून खाली येत असतात, म्हणून काडी तिथवर पोचावी लागत नाही. प्रयोगशाळा त्या नमुन्यात विषाणूचा डीएनए शोधते. बाईनं स्वतः नमुना घ्यावा, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केली आहे.

अंग आखडलं असेल तर सैल सोडा. मनात येणारा पुढचा विचार ओळखीचा आहे: ‘लोक काय म्हणतील?’

याचं उत्तर सांगलीत आहे. 1992 साली इथं ‘संग्राम’ संस्थेनं गोकुळनगरातल्या वेश्याव्यवसाय करणाऱ्या बायकांसोबत एचआयव्हीचं काम सुरू केलं. पुढं 1996 मध्ये याच बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. ज्यांच्या माथी समाजानं सगळी लाज मारली, त्यांनीच एकमेकींना कंडोमचं महत्त्व पटवलं आणि आजारावर मोकळेपणानं बोलायला शिकवलं. त्यांच्यापासून आपण घ्यावा असा धडा एकच: विषाणू चारित्र्याचा दाखला मागत नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कर्करोग होण्याचा धोका सहापट असतो, म्हणून तिची तपासणी पंचविशीतच सुरू व्हावी.

निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर काय, तेही शांतपणे बघा. तो कर्करोगाचा निकाल नसतो. नवऱ्यावर संशय घेण्याचा पुरावाही नसतो, कारण विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. पुढची तपासणी करायची, पेशी बदललेल्या दिसल्या तर त्या काढायच्या किंवा जाळायच्या. बहुतेक वेळा हे बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत होतं.

आता डोळे उघडा. तिशी ओलांडली असेल, तर याच महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात विचारा. सरकारी केंद्रांत मुख्यतः व्हीआयए तपासणी होते. सौम्य आम्ल लावून गर्भपिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहतात. ती करून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जात असाल तर एचपीव्ही चाचणीचं विचारा, नमुना स्वतः घेता येईल का तेही विचारा. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर काडीची वाट पाहू नका, थेट डॉक्टरांकडे जा. घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी असेल तर तिच्या लसीचं बोला. आणि एकट्या जाऊ नका. जावेला, नणंदेला, शेजारणीला सोबत न्या.