कर्मविपाक आणि अभनपुरचा फाटा

रायपुराहून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग अभनपुरास पोहोचला की त्यातून राजिमचा रस्ता फुटतो, आणि मूळ रस्ता धमतरी, कांकेर करीत जगदलपुराकडे जातो. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर स्नानास आणि राजीवलोचनाच्या दर्शनास निघालेली कुटुंबे, तशीच कित्येक रात्री घराबाहेर काढणारे ट्रकचालक आणि पोटासाठी परमुलखात जाणारे मजूर, ही सारी माणसे या फाट्यापर्यंत एकाच रस्त्याने येतात. सरकारी दप्तरात मात्र त्यांची सदरे निराळी आहेत. एच.आय.व्ही.च्या प्रसाराचा हिशेब ठेवणारे लोक देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने मादक द्रव्ये घेणारे, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांना अतिजोखमीचे गट मानतात. ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना त्या गटांपासून गृहस्थांच्या घरांपर्यंत रोग नेणारा पूल समजतात. औषध आणि निरोध कोठे पोहोचवावे हे ठरविण्यास ही वर्गवारी आवश्यकच आहे, व तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की दप्तरातला 'जोखीम' हा शब्द चव्हाट्यावर येताच त्याचे 'पाप' होते.

हे रूपांतर आजचे नव्हे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सोने चोरणाऱ्याची नखे कुरूप होतात, सुरापान करणाऱ्याचे दात काळे पडतात आणि ब्रह्महत्या करणाऱ्यास क्षय होतो, असा कर्मविपाकाचा जाबता दिला आहे. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख याने 1882 साली दाखविले, आणि त्यानंतर क्षयी माणसाकडे पाहून कोणी ब्रह्महत्येची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही; परंतु रोग्याच्या देहावर त्याचे पूर्वकर्म वाचण्याची ती खोड मात्र गेली नाही, तिने केवळ रोग बदलला.

आपल्याच परंपरेत याहून गंभीर असा दुसरा विचार आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, पांचाल देशातील कांपिल्य नगरीजवळ गंगातीरी, अग्निवेश आत्रेयास विचारतो, की प्रकृती, आहार, बल आणि वय भिन्न असलेली माणसे एकाच रोगाने एकाच वेळी कशी मरतात? आत्रेय वायू, जल, देश आणि काल यांच्या विकृतीकडे बोट दाखवितो, आणि तिच्या मुळाशी अधर्म आहे असे सांगतो. तो अधर्मही प्रथम देशाच्या, नगराच्या आणि जनपदाच्या प्रमुखांपासून सुरू होतो आणि मग खाली पसरतो. येथे रोगी हा आरोपी नाही. ज्या व्यवस्थेत तो राहतो तिची कैफियत प्रथम घेतली जाते.

ही दृष्टी ठेवून आपल्या देशातील एच.आय.व्ही.च्या साथीची पहिली नोंद वाचावी. 1986 साली मद्रासेत डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या त्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांना हा विषाणू सहा स्त्रियांच्या रक्तात आढळला. देहविक्रयाच्या आरोपाखाली त्या सरकारी अटकेत होत्या, म्हणून त्यांचे रक्त तपासता आले. ज्या पुरुषांकडून तो त्यांच्या देहात आला, त्यांची नोंद कोठल्याच दप्तरात नाही. पुढे पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पतीखेरीज अन्य पुरुषाशी संबंध न आलेल्या विवाहितांमध्येही हा संसर्ग आढळला. त्या स्त्रियांच्या बाबतीत जोखमीचे कृत्य एकच होते, आणि ते म्हणजे विवाह. 'निरपराध बळी' म्हणून त्यांच्याविषयी हळहळणारे लोक हे विसरतात, की या शब्दाच्या पोटात उरलेल्या सर्वांना अपराधी ठरविणारा निकाल दडलेला असतो.

विषाणू असा निकाल करीत नाही. रक्त, शरीरसंबंध आणि मातेकडून अपत्याकडे, एवढ्याच वाटा त्याला ठाऊक आहेत. स्पर्शाने वा पंक्तिभोजनाने तो जात नाही. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आर.एन.ए.ची नक्कल उलट्या क्रमाने डी.एन.ए.त उतरवितो आणि माणसाच्या जनुकद्रव्यात मिसळून जातो. मग वर्षानुवर्षे माणूस धडधाकट दिसतो, आणि अज्ञानाने तो पुढे देत राहतो. मानवी जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग अशाच प्राचीन रेट्रोव्हायरसांचा अवशेष आहे, आणि गर्भाच्या वारेची घडण ज्या प्रथिनांनी होते त्यांतील एक त्या अवशेषांतूनच आलेले आहे. सोवळ्याची कल्पना ज्या देहावर उभी आहे, तो देह मातेच्या उदरात असतानाच या परक्याचा ऋणी झालेला असतो!

प्रसार कशाने थांबतो, याचे उत्तर मला सांगलीच्या गोकुळनगरात सापडते. 'संग्राम' संस्थेचे काम 1992 साली सुरू झाले आणि 1996 साली तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद स्थापन केली. एकटी स्त्री निरोधाचा आग्रह धरी तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाई. सगळ्याच दारांनी तोच आग्रह धरल्यावर त्याला जाण्यास ठिकाण उरले नाही. मंगळवेढ्यात गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रेस वारकऱ्यांनी संतमालिकेत बसविले, तिचे अभंग आपण गातो. गोकुळनगरातील तिच्या भगिनींस मात्र आपण उपदेश करावयास जातो.

कर्मसिद्धान्त मी टाकून देत नाही. पण तो प्रथमपुरुषी सिद्धान्त आहे असे माझे मत आहे: स्वतःच्या दुःखापुढे उभे राहून 'माझे काय चुकले' असे विचारण्यासाठी तो आहे, शेजाऱ्याच्या दुःखाची फिर्याद दाखल करण्यासाठी नव्हे. सरकारने 2004 पासून औषध मोफत दिले आहे. ते नियमाने घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू आढळेनासा होतो आणि मग शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास जात नाही. तरीही रायपुराहून ते औषध घेऊन परतणारा इसम बाटलीवरचे लेबल खरवडून काढीत असेल, तर त्या भीतीचा विपाक तो भोगतो. तिचा कर्ता मात्र अभनपुरच्या फाट्यावर चहा पीत त्याच्या शेजारी बसलेला असतो, आणि तो मी असू शकतो.