बातमीदाराच्या घरचा हक्क

कराडजवळचे टेंभू हे गाव आज उपसा सिंचन योजनेमुळे ओळखले जाते. तिथून उचललेले कृष्णेचे पाणी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी, खानापूरसारख्या दुष्काळी तालुक्यांत जाते. याच टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली त्यांनी टिळकांबरोबर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. १८८८ साली 'सुधारक' सुरू केला. शिकवणे, लिहिणे, विरोधकांना उत्तरे देणे हे सारे दम्याने पोखरलेल्या शरीरानिशी चालले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पुरी होण्याआधीच, ते गेले.

आपण ही त्यागाची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो, आणि ती तशी आहेच. शिकत असतानाच त्यांनी आईला कळवले होते की, माझ्याकडून मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस. तरीही एक प्रश्न उरतो. माणूस स्वतःचे सुख सोडू शकतो. पण दुसऱ्याच्या वाट्याचे सुख सोडून देण्याचा अधिकार त्याला आहे काय? जिवंत पतीची प्रेतयात्रा लोकांनी काढलेली यशोदाबाईंना सोसावी लागली. पुढे वैधव्य आले आणि मुलांचा भार एकटीवर पडला. त्यागाच्या इतिहासात त्यांचे नाव आपण किती वेळा घेतो?

इस्लामी परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. हजरत अबू दर्दा (रजि.) दिवसा रोजे धरीत, रात्रभर नमाज पढत. त्यांच्या पत्नीची आबाळ हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या नजरेस आली. त्यांनी मित्राला आग्रहाने जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि समजावले की, रबचा हक्क आहे तसा शरीराचा आणि घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याला द्यावा. पैगंबरांनी (स.) सलमानचे म्हणणे खरे ठरवले. जिथे इबादतीलाही मर्यादा आहे, तिथे बातमीला नसावी?

आज आमच्या सातारा-सांगलीकडचा तालुका बातमीदार पाहा. हाती मोबाईल, एकाच वेळी छापील अंक, वाहिनी आणि यूट्यूब. मानधन अनेकदा बातमीमागे, नाहीतर जाहिरातीच्या कमिशनवर. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत जास्तीत जास्त १४४ तास काम आणि सात दिवसांत एक दिवस विश्रांती ठरवून दिली होती. नव्या श्रमसंहितेतही ही मर्यादा आहे. पण ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याचे तास मोजणार कोण? माझ्या वर्गात अशा एका बातमीदाराची मुलगी आहे. पालकसभेला दरवेळी तिची अम्मीच येते.

यावर आक्षेप घेता येईल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले, ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली. त्या वेळी बातमीदार घड्याळ पाहून घरी गेला असता तर? आक्षेप रास्त आहे. पाणी कुठवर आले हे लोकांना कळणे हा जिवाचा प्रश्न होता. अशा रात्री घरचेही आपला हक्क आपणहून सोडतात. डॉक्टरच्या घरी, एसटी चालकाच्या घरी हेच घडते.

परंतु प्रत्येक रात्र महापुराची नसते. उद्घाटनाची फीत कोणी कापली, कोण कोणाला काय बोलले, हे दुसऱ्यापेक्षा पाच मिनिटे आधी देण्यात कोणाचा जीव वाचतो? तेव्हा कसोटी साधी आहे. या बातमीला उशीर झाला तर कोणाचे नुकसान होईल? आणि ज्यांचा वेळ आपण खर्च करतो आहोत, त्यांना विचारले आहे काय? शरीर तर विचारायचीही संधी देत नाही. ते थेट आजारपणच पुढे ठेवते.

यात आपण वाचकही निर्दोष नाही. रात्री अकरा वाजता ताजी बातमी शोधणारे बोट आपलेच असते. मालकाने तास मोजावेत, हे खरेच. पण आपणही सकाळपर्यंत थांबायला शिकलो, तर एखाद्या घरी रात्रीचे जेवण सगळ्यांचे एकत्र होईल.