प्रायश्चित्त कुणाचं, उपास कुणाला?

मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात प्रायश्चित्तांची लांबलचक यादी आहे. मांजर, मुंगूस, बेडूक, घुबड, कावळा, कुणाला मारलं तर काय करायचं हे सगळं तिथं लिहिलंय. मांसाहारी वन्यपशू मारला तर दुभती गाय दान करावी, असा त्यातलाच एक दंडक. गाय दान घेणाऱ्याच्या गोठ्यात जाते, मारणारा पापातून सुटतो. मेलेल्या जनावराच्या गोतावळ्याला यातलं काहीच मिळत नाही.

१९४७च्या सुमारास कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी तीन चित्ते टिपले. भारतातले शेवटचे चित्ते म्हणून त्यांचीच नोंद सांगितली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातले ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतले १२. जुनं पाप फेडल्याचा आनंद देशभर साजरा झाला.

पण मारला गेला आशियाई चित्ता आणि परतफेड झाली ती आफ्रिकी चित्त्याला. ही फेड खरी मानायची का?

परंपरेत याला आधार सापडतो. पितृऋण आईबापांना परत करून फिटत नाही, ते संततीनं फिटतं. घेतलं एकाकडून, दिलं दुसऱ्याला, तरी ऋणमुक्ती होते. तेव्हा उपजाती वेगळी आहे एवढ्यावरून कुनोचा प्रयोग मोडीत काढता येणार नाही. अट एकच: देणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं द्यावं.

कुनोत गाडं अडतं ते इथंच; किंमत मोजली ती दुसऱ्यांनीच, आणि आधी चित्त्यांनी. दक्षिण गोलार्धात जून-जुलै म्हणजे हिवाळा. पाहुण्या चित्त्यांच्या शरीराला तेच ठाऊक; त्यांनी ऐन पावसाळ्यात थंडीची दाट लव धरली. रेडिओ कॉलरखाली ती ओली राहिली, कातडी चिघळली, जखमांत अळ्या पडल्या. २०२३च्या जुलैत काही चित्ते त्यातच दगावले.

तिथलं गवतही फुकट आलेलं नाही. ती सहरिया आदिवासींची शेतं होती. गीरच्या सिंहांना दुसरं घर हवं म्हणून कुनोतली २४ गावं उठवली गेली. सिंह आजतागायत आले नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माणसाचं हित बाजूला ठेवून प्रजातीचं हित पाहा, असं बजावत सिंह हलवायला सांगितलं आणि आफ्रिकी चित्ते आणायला मनाई केली. २०२० मध्ये त्याच न्यायालयानं प्रयोग म्हणून चित्त्यांना परवानगी दिली.

आफ्रिकी चित्ता आपल्याला तसा नवा नाही. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर दरबारानं काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतूनच चित्ते मागवले होते. तेव्हा हौस होती, आता पुण्य आहे. पिंजऱ्यातून प्रवास दोन्ही वेळा चित्त्यानंच केला.

तरी प्रयोग फसला असं म्हणता येत नाही. मुखी ही मादी कुनोतच जन्मली, उन्हाच्या तडाख्यात भावंडं गेली, माणसांच्या हातावर वाढली आणि २०२५च्या नोव्हेंबरात स्वतः आई झाली. या पिढीला कुनोच्या ७४८ चौरस किलोमीटरबाहेरही जागा लागणार. ती आणखी गावं उठवून काढायची, की सरकारी कागदांवर ‘पडीक’ ठरलेली माळरानं कारखान्यांना नि सौर प्रकल्पांना वाटणं थांबवून, हे पुढचे चित्ते आणण्याआधी ठरवावं लागेल.