मिस्त्रीचा भाव कोणाचा?

ज्याने कधी घर बांधले आहे, त्याला बाजारात दोन भाव असतात हे वेगळे सांगावे लागत नाही. अमरावतीच्या इतवाऱ्यापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत कुठेही जा. आपण एकटे गेलो तर एक भाव मिळतो, मिस्त्री सोबत असला तर दुसरा. प्रश्न एवढाच की, या दोन भावांतील अंतर कोणाच्या खिशात जावे?

हा प्रश्न मला एका गवंड्याने इशाच्या नमाजनंतर विचारला. सिमेंट, सळई, वाळू ज्या दुकानातून घ्यायला तो मालकाला सांगतो, त्या दुकानाकडून काम संपल्यावर त्याला काही रक्कम मिळते. मालकाला ती ठाऊक नसते. हे हलाल आहे काय?

उत्तर देण्यापूर्वी त्याच्या ज्ञानाची किंमत ओळखली पाहिजे. आपल्या वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून भिंत दिसू लागण्याआधीच पुष्कळसा पैसा पायात गडप होतो. अशा वेळी १२ मिलिमीटरची सळई मीटरमागे ०.८८८ किलो, म्हणजे १२ मीटरच्या नगाला सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे, हे मिस्त्रीला कळते; मालकाला नाही. वाळू ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने मोजली जाते आणि ओलसर बारीक वाळू चौथाईनेही फुगते. मालक ओल विकत घेतो आणि वाळू घेतली असे समजतो. धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण व्यासपीठावरून सांगतो, ट्रकमधल्या वाळूत मात्र मिस्त्रीलाच हात घालावा लागतो. ज्याला दुकानाकडून रक्कम यायची आहे, तो हात घालील काय? माझ्या मते खरे नुकसान इथे आहे, रकमेत नव्हे.

हजरत उर्वा अल-बारिकी (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) एका बकरीसाठी एक दीनार दिला होता. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक दीनाराला विकली आणि बकरीसह दीनारही परत आणून दिला. प्रेषितांनी (स.) त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. ‘सहीह बुखारी’त ही हदीस आहे, आणि पुढे त्यांनी माती घेतली असती तरी नफा झाला असता, असेही त्यात येते. चतुराई उर्वांची होती, तरी बचत ज्याचा दीनार त्याच्याकडे गेली. फिकहची भूमिका हीच आहे: जो दुसऱ्यासाठी खरेदी करतो तो वकील, म्हणजे अमानतदार, विक्रेत्याने दिलेली सूट मूळ मालकाची. मालकाला सांगून, त्याच्या संमतीने घेतलेला मोबदला ही मजुरी आहे. लपवून घेतलेली तीच रक्कम खियानत.

जकात गोळा करून आलेल्या एका अधिकाऱ्याने ‘हे तुमचे, हे मला भेट मिळाले’ असे म्हटले, तेव्हा तो आईबापाच्या घरी बसला असता तर भेट आली असती काय, असे प्रेषितांनी (स.) विचारले. ही हदीस मी शिकवतो, म्हणून कबूल करतो: मशिदीच्या वजूखान्याच्या नळांसाठी मी दुकानात गेलो असता एक नळ ‘इमामसाहेबांच्या खोलीसाठी’ म्हणून हाती ठेवला गेला, आणि मी तो घेतला. पुढील जुम्याच्या खुतब्याची तयारी करताना नेमकी हीच हदीस समोर आली. तो नळ आता वजूखान्यात आहे.

मिस्त्रीची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचे म्हणणे असे की, मालक रोजीत ५० रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात, आणि वाळू आणायला, सळई मोजायला घालवलेला दिवस कामाचा धरत नाहीत. वाचकहो, आपल्यापैकी कितीजण तो दिवस धरतात? मजुरी दाबणारा आणि मग मिस्त्रीच्या इमानावर शंका घेणारा मालक मला मशिदीच्या पहिल्या सफेतही दिसतो. खरेदीचा दिवस मजुरीत लिहा, दर आधी ठरवा, बिल मालकाच्या नावे घ्या. मग मिस्त्रीला लपवायला कारण उरणार नाही. असे न होणे हा मालकाचा दोष, तरी त्याने खियानत हलाल होत नाही.

हे सर्व ऐकून त्याने विचारले, मागच्या घरांचे काय? मी म्हणालो, ज्याचे त्याला परत. एक मालक वारले आहेत, मुले पुण्यास असतात. मग वारसांना, मी म्हणालो. तो बराच वेळ चपलांजवळ उभा राहिला, आणि रक्कम हप्त्याने दिली तर चालेल काय, असे विचारून निघून गेला.