उपकार आणि उतार
१८७९ सालची वडोदऱ्याची कमाटी बाग. तेथील वाटांवर माझ्या पत्नीची चाकांची खुर्ची सुखाने फिरते. मात्र चहासाठी बाहेर पडावे, तर उपाहारगृहाच्या दारातच पायरी. ‘काका, आम्ही काकूंना उचलून घेतो,’ असे तेथील मुले आपुलकीने म्हणाली. पत्नी हसून उत्तरली, ‘मला चहा हवा आहे, उपकार नको.’ दया आणि न्याय यांतील अंतर मला तेव्हा उमगले. सहा इंचांच्या पायरीला एकास बारा या प्रमाणाने सहा फुटांचा उतार पुरतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सुगम्यतेची जबाबदारी खाजगी सेवादात्यांवरही टाकली आहे. शासकीय सेवेत असताना मीही अशा पायऱ्या रोज चढलो. त्या कोणाला अडवतात, हे मनातही आले नाही. तेव्हा ते अज्ञान होते. आता गप्प राहिलो, तर दोष माझा.